वर्गणी न देणारा माणूस गावचा नाही का?

वर्धाकाठ | ११ ऑगस्ट, रात्री ९:५०

नमस्कार मंडळी. आर्वी तालुक्यातलं आमचं गाव, अडीचशेच्या आसपास घरं. गावच्या मंदिर कमिटीत मी सात वर्षांपासून आहे. गोष्ट माघातली आहे, लिहायला आत्ता धीर झाला.

दरवर्षी माघात आमच्याकडे सप्ताह असतो. सात दिवस पहाटे काकडा, संध्याकाळी हरिपाठ, रात्री कीर्तन, शेवटी काला आणि गावजेवण. त्या दिवशी गावात कोणाच्याच घरची चूल पेटत नाही. वर्गणी घरटी ५०० असायची. यंदा सभामंडपाचं काम काढलं म्हणून कमिटीनं १,५०० ठरवली. सात घरांनी दिली नाही. त्यातलं एक घर माझ्या धुऱ्याला धुरा लागून असलेल्या शेतकऱ्याचं. साडेतीन एकर कोरडवाहू, ऐन वेचणीत पाऊस आला आणि बोंडं झाडावरच भिजली. तो स्वतः कमिटीकडे आला होता. म्हणाला, "नेहमीचे ५०० घ्या. मंडपाचे माझ्यानं होत नाही. अन् खरं सांगू का, मले मंडपापेक्षा शाळेच्या भिंतीची जास्त गरज वाटते." कमिटीनं ५०० घेतले नाहीत. द्यायचे तर पूर्ण दे, म्हणाले.

काल्याच्या दिवशी पंगत बसली असताना भोंग्यावरून सात नावं वाचली गेली. त्याची म्हातारी आई पंगतीत होती. पत्रावळीवर भात वाढून झाला होता, वरण यायचं होतं. ती उठली आणि घरी गेली.

मे महिन्यात त्याच्या मुलीचं लग्न होतं. गावची भांडी मंदिराच्या खोलीत असतात: गंज, कढया, ३०० ताटं, सतरंज्या. ही भांडी पंधरा वर्षांपूर्वी सगळ्या गावानं वर्गणी करून घेतली, त्यात त्याच्या वडिलांचीही वर्गणी होती. कमिटीनं खोलीची किल्ली दिली नाही. त्यानं आर्वीहून भाड्यानं भांडी आणली.

दोन्ही वेळा मी तिथे होतो आणि गप्प बसलो.

आता दुसरी बाजूही सांगतो, नाहीतर अन्याय होईल. माझे वडील गेले ते भर पावसाळ्यात, रात्री. लाकडं ओली. याच मंडळाच्या माणसांनी आपापल्या कोठ्यातून सुकी लाकडं आणि गोवऱ्या काढून आणल्या. तेरवी होईपर्यंत माझ्या आईला पाणी भरू दिलं नाही. त्यामुळे "मंदिरं-बिंदिरं सोडा" असा सल्ला मला नको आहे. मला हे मंडळ हवं आहे. पण 'नाही' म्हणणाऱ्या माणसावर त्याचा हक्क कुठपर्यंत? पोळ्याच्या आधी बैठक आहे. तिथे काय बोलू?

पऱ्हाटी | ११ ऑगस्ट, रात्री १०:२०

वर्धाकाठ भाऊ, भोंग्यावर नावं वाचली हे चुकलंच. म्हातारी पंगतीतून उठली हे वाचून मले कसंतरी झालं. पण वर्गणी मनावर सोडून द्या म्हणाल तर मी नाही मानत. आमच्याकडे दर्यापूर भागात तसं करून पाह्यलं. पयल्या वर्षी दहा घरं मांगं सरली, दुसऱ्या वर्षी चाळीस, तिसऱ्या वर्षी सप्ताह बंद. मंग सगळे म्हणते, "काहून बंद केला?" अन् मंडळ काय फक्त भजन करते काय? स्मशानाचा शेड मंडळानं बांधला. खारपाणपट्ट्यातलं गाव आमचं, हिरीचं पाणी तोंडात धरवत नाही, तवा गोड्या पाण्याचं टँकर मंडळानं आणलं. खाते सगळे, देणारे तेवढेच. त्यायनं काय करावं?

वकीलभाऊ | ११ ऑगस्ट, रात्री ११:०५

कायद्याची बाजू सांगतो. भावनेचं नंतर बोलू.

१) वर्गणी न देणं हा कोणताही गुन्हा नाही. उलट, नोंदणीकृत न्यास नसताना धर्माच्या नावानं पैसे गोळा करायचे तर महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५० मधल्या कलम ४१ क प्रमाणे धर्मादाय कार्यालयाची परवानगी लागते. गणपती मंडळं घेतात ती हीच. वर्धाकाठ, तुमची कमिटी नोंदलेली आहे का ते आधी बघा.

२) सामाजिक बहिष्काराविरुद्ध महाराष्ट्राचा स्वतंत्र कायदा आहे. विधिमंडळानं २०१६ मध्ये केला, ३ जुलै २०१७ पासून लागू झाला. शिक्षा ३ वर्षांपर्यंत कैद, १ लाख रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. लग्न, अंत्यविधी, सणसमारंभात अडथळा आणणं, सामाजिक उपयोगाच्या जागा आणि सोयी नाकारणं, हे सगळं त्यात येतं. भांड्यांची किल्ली नाकारणं त्यात किती बसेल हे पुराव्यावर ठरेल, पण पंगतीत नावं वाचणं आणि त्यानंतर किल्ली नाकारणं ही साखळी एखाद्या न्यायाधीशाला नक्की दिसेल.

याच कायद्यात तडजोडीचीही वाट आहे. पीडित माणूस राजी असेल आणि न्यायालयानं परवानगी दिली तर आरोपीला समाजसेवा करायला लावून प्रकरण मिटवता येतं.

पारावरचा | १२ ऑगस्ट, सकाळी ६:१५

वकीलभाऊ, केस कराल तर त्या माणसाला गावात राहणं जड जाईल. कायदा हाताशी असू द्या, पण आधी बैठकीत बोला.

माझं वय आता ७४. वडिलांनी गाडगेबाबांना वलगावात पाहिलं होतं, त्यांच्या तोंडून ऐकलेलं सांगतो. बाबा गावात आले की आधी खराटा हातात घेत. गाव झाडून झालं की मग कीर्तन. पाया पडू देत नसत. त्यांनी देऊळ बांधलं नाही, धर्मशाळा बांधल्या, पंढरपूरला, नाशिकला, आळंदीला. पैसे लोकांकडूनच आले, लाखांनी आले. पण कोणी दिले नाहीत म्हणून त्याला धर्मशाळेच्या ओट्यावरून उठवलं, असं कधी ऐकलं नाही. पंढरपूरची चोखामेळा धर्मशाळा तर त्यांनी बाबासाहेबांच्या शिक्षणसंस्थेच्या हवाली केली. ज्याच्याकडे काहीच नाही त्याच्यासाठी ती इमारत होती, मग वर्गणीची यादी कुठे लावणार?

संत्राबाग | १२ ऑगस्ट, सकाळी ८:४०

आमच्या मोर्शीकडच्या गावात आमदार निधीतून सभामंडप झाला, आता त्याला टाइल्स लागत आहेत. शाळेच्या दोन खोल्या पावसात गळतात म्हणून तिसरी-चौथी एकत्र बसतात. त्या शेतकऱ्यानं भिंतीचं नाव काढलं म्हणून तो नास्तिक होत नाही. माझ्या मते त्या दिवशी गावाची खरी काळजी त्यानंच केली.

निळापिंपळ | १२ ऑगस्ट, दुपारी १:३०

धागा वाचून काल रात्री झोप आली नाही. मी यवतमाळ जिल्ह्यातला, बौद्ध कुटुंबातला.

'गावची भांडी', 'गावची पंगत' हे शब्द तुम्ही सहज वापरता. माझ्या आजोबांच्या वेळी त्या 'गाव' शब्दात आम्ही नव्हतो. कामापुरते होतो. मेलेलं ढोर ओढायला, सांगावा घेऊन दुसऱ्या गावाला जायला, लग्नात डफडं वाजवायला. १४ ऑक्टोबर १९५६ ला आजोबा पायी नागपूरला गेले, दीक्षा घेऊन आले आणि आल्यावर ढोर ओढणं सोडलं. गावानं किराणा बंद केला, दळण बंद केलं, वावरातली मजुरी बंद केली. पाच महिने आजी सात मैलांवरच्या बाजारातून मीठ-मिरची आणायची. तेव्हाही गावाचं म्हणणं पऱ्हाटी भाऊंसारखंच होतं: प्रत्येकानं आपलं काम सोडलं तर गाव कसं चालेल?

हे टोमणा म्हणून लिहीत नाही. पऱ्हाटी भाऊ, तुम्ही पाण्याच्या टँकरबद्दल लिहिलंत ते खरंच मोठं काम आहे. फक्त, गाव चालवण्याची किंमत नेहमी एकाच माणसाच्या मानेवरून वसूल होते का, एवढं तपासा.

आणि आमच्या घरातलंही सांगतो. आमच्या विहाराची कमिटी दरवर्षी दीक्षाभूमीला जायला गाडी करते, वर्गणी असते. एका पोरानं दोन वर्षांपूर्वी सांगितलं, मी गाडीत येणार नाही, एकटा रेल्वेनं जातो, वर्गणी देत नाही. वस्तीत त्याच्याशी लोकांनी बोलणं टाकलं. मी स्वतः टाकलं. ज्यांच्या आजीनं मीठ सात मैलांवरून आणलं, त्यांनी. आठ महिन्यांनी त्याच्या आईनं मला विचारलं तेव्हा माझ्याकडे उत्तर नव्हतं. संस्था छोटी असो की मोठी, सोसलेली असो की सोसायला लावणारी, माणसाला धरून ठेवताना तिचा हात कधी गळ्याशी जातो हे आतल्या माणसाला कळत नाही.

पऱ्हाटी | १२ ऑगस्ट, दुपारी २:१०

निळापिंपळ दादा, वाचलं. दोनदा वाचलं. आज मी काही लिहत नाही, इचार करतो.

नागपूरकर_सध्या_पुण्यात | १२ ऑगस्ट, दुपारी ३:००

मला वाटतं सगळ्या भानगडीचं मूळ एकच आहे. स्मशान शेड, पाणी, भांडी, रस्ता, ही कामं ग्रामपंचायतीची, म्हणजे शासनाची. ती कर घेते, हिशेब देते. धर्म ज्याचा त्याच्या घरात. मंदिर कमिटीकडे ही कामं ठेवलीच नाहीत तर कोणी कोणाला अडवणार नाही.

चिखलदरा_आशा | १२ ऑगस्ट, रात्री ८:३०

दादा, मी मेळघाटात आशा म्हणून काम करते. तुमचं म्हणणं कागदावर बरोबर आहे, पण आमच्या पाड्यावर चालत नाही.

इथे मूल आजारी पडलं की आई आधी भूमकाकडे, म्हणजे पाड्यावरच्या मांत्रिकाकडे जाते. पोट फुगलं तर गरम सळईनं पोटावर डागतात, त्याला डंबा म्हणतात. लेकरं दगावलेली मी पाहिली आहेत. सुरुवातीला आम्ही भूमकाला विरोध केला, पोलिसांची भीती घातली. काय झालं? लोक लपवून नेऊ लागले आणि आमच्याकडे लेकरू यायचं तेव्हा उशीर झालेला असायचा. मग आम्ही भूमकाशीच बोलायला लागलो. तुमची पूजा करा, धागा बांधा, डागू नका, आणि आमच्याकडे पाठवा. आता आमच्या गावचा भूमका स्वतः सांगतो, "देवाचं मी केलं, आता दवाखान्यात ने." त्याच्या एका शब्दानं जे होतं ते माझ्या शंभर भेटींनी होत नव्हतं.

म्हणजे लोकांचा विश्वास जिथे आहे ते ठिकाण शासनाला टाळून जाता येत नाही. पण त्या ठिकाणी बसलेल्या माणसालाही मी 'डागू नका' असं सांगू शकले पाहिजे. मला दोन्ही लागतं.

पऱ्हाटी | १२ ऑगस्ट, रात्री ९:१५

पुणेवाले दादा, रात्री दोन वाजता वावरात पाणी ओलवताना साप चावला. १०८ ले फोन लावला, गाडी दुसऱ्या पेशंटले घेऊन गेलेली. कोण उठते? हरिपाठातली पोट्टेच उठते ना. त्यायच्यापाशी गाडी नसली तरी कोणाच्या घरी गाडी हाय अन् कोणाचा डायवर जागा हाय, हे त्यायले माहीत असते. रोज सांजच्याले एकमेकाची तोंडं पाहतात म्हणून माहीत असते. हे ग्रामपंचायतीच्या ठरावानं होत नाही.

नागपूरकर_सध्या_पुण्यात | १२ ऑगस्ट, रात्री ९:४०

हे मान्य. माझ्या सोसायटीत बाराशे माणसं राहतात आणि मला समोरच्या घरातल्या आजींचं नाव मागच्या महिन्यात कळलं, त्या गेल्यावर.

कौलारू | १३ ऑगस्ट, सकाळी ११:१०

बायकांच्या बाजूनं कोणी बोललं नाही म्हणून लिहिते.

तिवस्याजवळचं माहेर माझं, मोझरी जवळ. तुकडोजी महाराजांची सामुदायिक प्रार्थना आमच्या गावात रोज व्हायची. माझी आई सांगायची, सासू-सासऱ्यांच्या काळात बाईला संध्याकाळी घराबाहेर पडायला दोनच कारणं होती, पाणी आणि प्रार्थना. प्रार्थनेला नाही कोणी म्हणायचं नाही. तिथे बायका भेटायच्या, कोणाचा नवरा पिऊन मारतो ते तिथे कळायचं. दारूचं दुकान हटवायचं बोलणं पहिल्यांदा तिथेच झालं. म्हणून देवळाच्या ओट्यानं बाईला मोकळं केलं, हे मी अनुभवानं सांगते.

आणि त्याच ओट्यावर, सासरी, आमच्या बचत गटाची बैठक घ्यायची म्हटली तर उत्तर आलं, "बायकांच्या अडचणीचे दिवस कोण तपासणार?" आम्ही अठरा जणी. त्यातल्या चौघी विधवा, त्यांना हळदीकुंकवाला तिथे बोलावत नाहीत. मे २०२२ मध्ये कोल्हापूरकडच्या हेरवाड ग्रामपंचायतीनं विधवांच्या बांगड्या फोडणं, कुंकू पुसणं बंद करण्याचा ठराव केला, तेव्हा आम्ही तो पेपर कापून कमिटीला दाखवला. ते म्हणाले, ग्रामपंचायतीचं ग्रामपंचायतीत. पाणी-रस्त्याचं बोलताना मंदिर आणि गाव एकच असतं, आणि आमचं बोलताना वेगवेगळं होतं.

वर्धाकाठ दादा, तुमच्या कमिटीत बायका किती?

वर्धाकाठ | १३ ऑगस्ट, सकाळी ११:४५

एकही नाही, ताई.

झाडीबोली | १३ ऑगस्ट, सायंकाळी ७:२०

गडचिरोलीहून. धानोरा तालुक्यातल्या मेंढा (लेखा) बद्दल बरेच जण जाणतात. "दिल्ली-मुंबईत आमचे सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार" ही तिथली घोषणा. २००६ च्या वनहक्क कायद्याखाली २००९ मध्ये त्यांना सामूहिक वनहक्क मिळाला, सुमारे १,८०० हेक्टर जंगल. २०११ मध्ये स्वतःच्या बांबूच्या वाहतुकीचे परवाने गावाच्याच हातात आले.

मला इथे सांगायची आहे ती त्यांची निर्णयाची रीत. बहुमत नाही, सर्वसहमती. एकाचं जरी पटलं नाही तर निर्णय थांबतो, पुन्हा बसतात. वर्धाकाठ भाऊंच्या गावात ही रीत असती तर मंडपाचे १,५०० ठरलेच नसते. तो शेतकरी एकटा उभा राहिला असता तरी गाव थांबलं असतं.

कौलारू | १३ ऑगस्ट, रात्री ८:००

झाडीबोली दादा, रीत चांगली आहे. पण सर्वसहमतीत गप्प बसणाऱ्याचं काय धरतात? आमच्याकडे सासऱ्यांसमोर सून बोलत नाही. तिचं मौन होकारात मोजलं तर सर्वसहमती बहुमतापेक्षाही जड होते.

झाडीबोली | १३ ऑगस्ट, रात्री ८:५०

खरं आहे ताई. म्हणून तिथे सभेच्या आधी अभ्यासगट बसतात, त्यात विषय फोडून बोलतात. घाईनं हात वर करायला लावत नाहीत. पण तुमची शंका टिकतेच. गोंड गावातही म्हाताऱ्यांसमोर पोरी कमीच बोलतात.

वर्धाकाठ | १३ ऑगस्ट, रात्री ९:३०

माघात कमिटीत १,५०० ठरले तेव्हा मी गप्प होतो. इतिवृत्तात 'सर्वानुमते' लिहिलं आहे. खाली माझी सही आहे.

संत्राबाग | १४ ऑगस्ट, सकाळी ९:००

जरा विषयांतर. पोळा आला आहे. तुमच्याकडे तोरणाखाली पहिली जोडी कोणाची? आमच्याकडे पाटलांची. यंदा पाटलांकडे बैलच नाहीत, दोन ट्रॅक्टर आहेत. मान सोडायला तयार नाहीत. आता ट्रॅक्टरला झूल घालून तोरणाखाली आणणार म्हणतात!

पऱ्हाटी | १४ ऑगस्ट, सकाळी ९:२०

ट्रॅक्टरच्या शिंगाले बेगड कुठी लावान? सायलेन्सरले?

पारावरचा | १४ ऑगस्ट, सकाळी १०:३०

हसू आलं, पण पोळ्याच्या मानावरून डोकी फुटलेली मी पाहिली आहेत. आमच्याकडे वीस वर्षांपूर्वी तोडगा निघाला तो असा: पहिली जोडी दरवर्षी वेगळ्या आळीची. चिठ्ठी टाकून. पहिल्याच वर्षी चिठ्ठी निघाली ती गावाबाहेरच्या वस्तीतल्या बटईदाराची. त्याचे बैल तोरणाखाली उभे राहिले तेव्हा झडत्या (पोळ्याची गाणी) म्हणणाऱ्यांचा आवाज बसला होता, एवढे मोठ्यानं म्हटले. पाटील घरी बसले. दुसऱ्या वर्षी आले.

वकीलभाऊ | १४ ऑगस्ट, दुपारी १२:१५

मुद्द्यावर येतो. काल एकानं मला निरोपात विचारलं, "धर्मसंस्थेला तिच्या माणसाला बाहेर काढायचा अधिकार घटनेनंच दिला आहे ना?" प्रश्न रास्त आहे.

मुंबई सरकारनं १९४९ मध्ये वाळीत टाकण्याविरुद्ध कायदा केला होता. दाऊदी बोहरा समाजाच्या धर्मगुरूंनी त्याला आव्हान दिलं. १९६२ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं चार विरुद्ध एक अशा निकालानं तो कायदा रद्द केला. अनुच्छेद २६ प्रमाणे धर्मपंथाला आपल्या धार्मिक बाबींचा कारभार पाहण्याचा अधिकार आहे आणि धर्माच्या कारणावरून बहिष्कृत करणं त्यात येतं, असं बहुमतानं म्हटलं. सरन्यायाधीश सिन्हा एकटे विरुद्ध होते. त्यांचं म्हणणं, वाळीत टाकल्यानं माणसाचे नागरी हक्क जातात, म्हणून हा विषय फक्त धर्माचा राहत नाही. फेब्रुवारी २०२३ मध्ये तो जुना निकाल नऊ न्यायमूर्तींच्या पीठाकडे पाठवला गेला.

माझं मत सिन्हांच्या बाजूचं. कोण टाळ धरील, कोणाला कीर्तनाला उभं करायचं, हे मंडळानं ठरवावं. तिथे सरकारनं नाक खुपसू नये, नाहीतर उद्या सरकार सांगेल कोणता अभंग म्हणायचा. पण भांडी, पाणी, स्मशान, लग्न, हे हातात आलं की मंडळ फक्त भजनी मंडळ राहत नाही. जेवढं जास्त गाव तुमच्यावर विसंबून, तेवढं तुमचं दार बंद करण्याचं स्वातंत्र्य कमी.

निळापिंपळ | १४ ऑगस्ट, दुपारी १:४०

वकीलभाऊ, शेवटचं वाक्य मी वहीत लिहून घेतलं.

एक जोड देतो. १९२७ मध्ये अमरावतीच्या अंबादेवी मंदिरात अस्पृश्यांना प्रवेश मिळावा म्हणून सत्याग्रह उभा राहिला, डॉ. पंजाबराव देशमुख त्यात पुढे होते. ते स्वतः सवर्ण शेतकरी घरातले. त्यांना आत जायला कोणी अडवत नव्हतं. पुढे त्यांनीच देवस्थानांच्या संपत्तीचं विधेयक कायदेमंडळात मांडलं, की हा पैसा लोकांच्या शिक्षणाकडे वळावा. आतल्या माणसानं दारात उभं राहून बाहेरच्यासाठी बोलणं वेगळं असतं. वर्धाकाठ दादा, तुम्ही आत आहात.

कौलारू | १४ ऑगस्ट, सायंकाळी ५:३०

मला एक नेहमी आठवतं. वर्ध्याजवळ दत्तपूरला मनोहर दिवाणांनी १९३६ मध्ये कुष्ठरोग्यांसाठी काम सुरू केलं, वरोऱ्याजवळ आनंदवन १९४९ चं, अमरावतीला तपोवन. आपल्याच भागात एवढी ठिकाणं. तिथे आलेली माणसं कुठून आली? आपल्याच गावांमधून, ज्यांच्या पंगतीत ती आधी बसत होती. त्यांनी तिथे शेती केली, घरं बांधली, लग्नं केली. गावानं टाकलेल्या माणसांना पुन्हा गावच लागलं.

पारावरचा | १४ ऑगस्ट, रात्री ८:१०

वर्धाकाठ, माझं शेवटचं. नावं भोंग्यावरून वाचली गेली. ती गोष्ट घरात जाऊन, हळू आवाजात, "झालं गेलं विसर" म्हणून मागे घेता येत नाही. जेवढ्या लोकांनी ऐकलं तेवढ्यांनी माफी ऐकली पाहिजे.

वर्धाकाठ | २० ऑगस्ट, रात्री १०:४०

बैठक काल झाली. सविस्तर लिहितो, तुम्ही सगळ्यांनी वेळ दिला आहे.

मी आधी माझी सही असलेलं इतिवृत्त वाचलं आणि सांगितलं की 'सर्वानुमते' हे खोटं आहे, कारण मला पटलं नव्हतं आणि मी भीतीनं बोललो नाही. थोडा वेळ कोणी बोललं नाही. मग आणखी दोघे म्हणाले, आम्हालाही पटलं नव्हतं. तेराजणांच्या कमिटीत तिघे. अध्यक्ष चिडले. म्हणाले, आता सप्ताह तुम्हीच करा. त्यांचा राग मी समजू शकतो. पंचवीस वर्षं त्यांनी स्वतःच्या खिशातून कमी पडेल ते घातलं आहे आणि माझ्या वडिलांसाठी पहिलं लाकूड त्यांच्याच कोठ्यातून आलं होतं. बोलताना माझा आवाज कापत होता.

पऱ्हाटी भाऊंचा मुद्दाही मांडला, की वर्गणी मोकळी सोडली तर सप्ताह बुडेल. त्यावर कोषाध्यक्षांनी जुनी पावतीपुस्तकं काढली. सक्ती नव्हती त्या वर्षांतही देणारी घरं दोनशेच्या खाली गेली नव्हती. रक्कम मात्र कमी-जास्त होती. मंडपाचं काही ठरलं नाही. अर्धे म्हणतात थांबवा, अर्धे म्हणतात वाळू-गिट्टी येऊन पडली आहे.

भोंग्यावरून कमिटीची माफी मागायला अध्यक्ष तयार झाले नाहीत. मग मी विचारलं, माझ्या नावानं मी बोललो तर चालेल का? ते काही बोलले नाहीत, उठून गेले. आज हरिपाठ झाल्यावर मी माइक घेतला. तीन-चार वाक्यंच बोललो. सात नावांना माझ्याकडून क्षमा मागितली, नावं मात्र पुन्हा घेतली नाहीत.

त्यानंतर त्या शेतकऱ्याच्या घरी गेलो. त्यानं बाज टाकली, चहा दिला. आतून त्याची आई म्हणाली, "ऐकलं मी." बाहेर आली नाही. ती माघापासून देवळात येत नाही, अजूनही येईल असं वाटत नाही.

पऱ्हाटी | २० ऑगस्ट, रात्री ११:००

भाऊ, हिमतीचं काम केलं. पावतीपुस्तकाचं मी आमच्या गावात पण पाहीन. आमच्याकडे सप्ताह बंद पडला तो लोकायनं पैसे दिले नाही म्हणून, का हिशेब कोणी दाखवला नाही म्हणून, हे मी आजपर्यंत पाह्यलंच नाही.

कौलारू | २१ ऑगस्ट, सकाळी ७:१५

किल्लीचं काय झालं? आणि लेखी काही झालं असेल तर शब्द टाका. मला इथे दाखवायचे आहेत.

वर्धाकाठ | २१ ऑगस्ट, सकाळी ७:५०

ताई, वहीतून उतरवून देतो:

"ठराव १. वर्गणी ज्याची त्याच्या इच्छेप्रमाणे घ्यावी. देणाऱ्याचे वा न देणाऱ्याचे नाव भोंग्यावर अथवा फलकावर जाहीर करू नये. जमाखर्च मात्र दर वर्षी काल्याच्या दिवशी वाचून दाखवावा.

ठराव २. गावची भांडी, ताटे, सतरंज्या गावात राहणाऱ्या कोणत्याही जातीधर्माच्या कुटुंबास लग्न, तेरवी व इतर कार्यास द्याव्यात. खोलीची किल्ली महिला बचत गटाकडे राहील. नोंदवही ठेवावी.

ठराव ३. कमिटीत महिलांना घेणेबाबत पुढील बैठकीत विचार करावा."

तिसऱ्यावर सगळ्यात जास्त वेळ गेला आणि एवढंच निघालं.

निळापिंपळ | २१ ऑगस्ट, सकाळी ८:३०

दुसऱ्यात 'गावात राहणाऱ्या' हा शब्द घातलात ते फार बरं केलं. 'गावच्या' लिहिलं असतं तर पुढे कोणीतरी गावचा कोण यावर वाद घातला असता. मी आज त्या पोराच्या आईकडे जातो आहे.

वर्धाकाठ | २१ ऑगस्ट, रात्री ९:०५

एक राहिलं. संध्याकाळी तो शेतकरी कोषाध्यक्षांच्या घरी गेला आणि माघातले ५०० रुपये पुढे ठेवले. कोषाध्यक्षांनी पावती फाडून दिली. तारीख आजचीच घातली.